ऱ्हाईनच्या वळणावरचं द्राक्षगाव

बाझेल सोडलं की ऱ्हाईन नदी उत्तरेची वाट धरते. मध्येच माइन्झ शहरापाशी टाउनुसची डोंगररांग तिला आडवी येते आणि नदी पश्चिमेला वळते. सुमारे ३० किलोमीटर ती तशीच आडवी वाहते, मग डोंगरात फट सापडते आणि ती पुन्हा उत्तरेला लागते. त्या दुसऱ्या वळणावर रूडेसहाईम वसलं आहे. नकाशावर बोटाच्या पेराएवढ्या या आडव्या वाटेने एका अख्ख्या मुलखाचं नशीब ठरवलं, कारण तिच्यामुळे नदीचा उजवा काठ दक्षिणाभिमुख झाला. इथून पन्नासावा अक्षांश जातो. आपली भिवंडी एकोणिसाव्या अक्षांशाच्या जरा वर. इतक्या उत्तरेला सूर्य कायम कलता, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेला उतार म्हणजे शेतकऱ्याचं सोनं. पाठीमागे टाउनुस उत्तरेचे गार वारे अडवतो, पायथ्याचं ऐसपैस पात्र ऊन परतवतं आणि थंडीची धार कमी करतं, पाटीच्या दगडाची जमीन दिवसभर तापून रात्री ऊब सोडते. द्राक्षाला आणखी काय हवं?

हे सगळं आमच्या भाचीने आदल्या रात्री बोटीवर जेवताना समजावून सांगितलं होतं. ती फ्रँकफुर्टला नोकरी करते. तिच्याच हट्टाने तिचे आईवडील आणि आम्ही दोघं या नदीवरच्या बोटीत बसलो. तिचे वडील म्हणजे माझे साडू, आबा. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. मी भिवंडीचा, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला. मला द्राक्ष पेटीत दिसतं, आबांना ते काडीवरच्या डोळ्यात आधी दिसतं. द्राक्षांचं गाव बघायचं तर अशा माणसाबरोबर बघावं.

बोट धक्क्याला लागली, गाव समोर दिसत होतं, पण मध्ये रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी आली, एकामागून एक कंटेनर समोरून सरकत राहिले. पलीकडच्या काठावरही तशीच एक गाडी धावत होती. भिवंडीकराला कंटेनर नवे नाहीत. माणकोली, वळ, पूर्णा, काल्हेर, जिथे बघावं तिथे गोदामं आणि त्यांच्या दारात रांगा लावलेले ट्रेलर. मला नवल वाटलं ते नदीचं. दोन्ही काठांवर रेल्वे असूनही ऱ्हाईन स्वतः माल वाहत होती. शंभर मीटरहून लांब, पाण्यात खोल बसलेल्या मालबोटी कोळसा, वाळू, कंटेनर घेऊन प्रवाहाविरुद्ध संथ चालल्या होत्या. एका बोटीच्या मागच्या बाजूला खिडक्यांना पडदे, फुलांच्या कुंड्या, आणि चक्क डेकवर उभी केलेली मोटार. नावाड्याचं घरच ते.

एके काळी इथे दर वळणावर किल्ला आणि दर किल्ल्याखाली जकात होती. रूडेसहाईमच्या पुढेच एरेनफेल्स किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि नदीतल्या बेटावर उंदरांचा मनोरा म्हणून ओळखला जाणारा बुरूज. दोन्ही मिळून येणाऱ्याजाणाऱ्या नावा अडवायचे. १८६८ च्या मानहाइम करारानंतर नदीची वाट सगळ्यांना मोकळी झाली. आता तिथे कुणी कुणाला अडवत नाही. अडवते ती फक्त रेल्वे, फाटकावर.

आबा मात्र कंटेनरकडे बघत उभे होते. फाटक उघडलं तरी हलेनात.

"पाहुणे, आपला माल न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातो. कागदावर कितीदा वाचलं असेल नाव. रॉटरडॅम म्हणजे याच नदीचं तोंड?"

"हो पप्पा," भाची म्हणाली. "तिथून हाच पाण्याचा रस्ता वर येतो."

"म्हणजे आपण माल जातो त्या वाटेवर उभे आहोत."

माझ्या अंगावर काटा आला. पिंपळगावचं द्राक्ष कसारा घाट उतरून आमच्या भिवंडीच्या कडेने बंदराकडे जातं. हंगामात ते गारेगार कंटेनर मी वर्षानुवर्षं हायवेवर बघत आलो. ते समुद्रापलीकडे ज्या नदीच्या मुखाशी उतरतात, तिच्याच काठावर आम्ही उभे होतो.

गावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लाकडी चौकटींची जुनी देखणी घरं, खिडक्यांत फुलं, आणि सगळ्या जगाचे पर्यटक जिथे लोटतात ती ड्रॉसेलगास नावाची गल्ली. गल्ली १४४ मीटर लांब, आणि दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर बंद होईल एवढी रुंद. पूर्वी नावाडी लोकांची वस्ती इथे होती. आता दारादारातून वाद्यं ऐकू येतात. आम्ही एका टोकाने शिरलो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडलो. आबांना डोंगर गाठायचा होता.

डोंगरावर जायला १९५४ पासून पाळणे आहेत, दोघांनी बसायचे, उघडे. ते थेट द्राक्षबागांवरून जातात. मी आणि आबा एका पाळण्यात बसलो. खाली वेलींच्या ओळी उतारावर बीमवर ताणलेल्या ताण्यासारख्या सरळ उतरत होत्या, एक धागा इकडचा तिकडे नाही. ऑक्टोबरचे सुरुवातीचे दिवस. पानं पिवळी पडू लागलेली, आणि पानांखाली काढणीला आलेले घड. रीसलिंग हे इथलं मुख्य वाण, उशिरा पिकणारं. आबा बोलायचे बंद झाले होते. त्यांची बाग सपाट रानातली, मांडवावरची, ठिबकवर वाढलेली. इथे मांडव नाही, ठिबकच्या नळ्या दिसत नाहीत, आणि पश्चिमेकडचा उतार असा की माणूस दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहू शकत नाही.

"इथे फवारणी कशी करत असतील?" एवढंच ते म्हणाले.

वर नीडरवाल्ड नावाचं प्रचंड स्मारक आहे. १८७१ मध्ये जर्मनी एक झाली त्याची आठवण म्हणून १८८३ मध्ये उभं केलेलं, ३८ मीटर उंच. लोक त्याचे फोटो काढत होते. आम्ही त्याच्याकडे पाठ करून नदीकडे बघत बसलो. तिथून ते आडवं पात्र, मधली बेटं, पलीकडचं बिंगेन आणि पश्चिमेला नदी ज्या फटीत शिरते ती घळ, सगळं एका नजरेत मावतं. भाचीने काल जे तोंडी सांगितलं ते खाली जसंच्या तसं मांडलेलं होतं.

उतरताना आम्ही पायवाटेने आलो. एका बागेत काढणी चालली होती. साठी ओलांडलेली एक बाई कात्रीने घड कापून बादलीत टाकत होती. भाचीने नमस्कार केला, वडील द्राक्षशेतकरी आहेत म्हणून सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी एक घड कापून आबांच्या हातावर ठेवला. मणी बारीक, हिरवट पिवळे, उन्हाच्या बाजूला तपकिरी ठिपके. आबांनी एक तोंडात टाकला, बी चावली, साल जिभेवर घोळवली.

"गोडी भरपूर आहे. पण हा मणी आपल्याकडे कुणी पेटीत भरणार नाही. आपल्याला १८ मिलिमीटरचा लागतो."

मग त्या दोघांत जे बोलणं झालं ते भाची इकडून तिकडे पोचवत राहिली, आणि मी त्या प्रवासातलं सगळ्यात मोठं नवल तिथे ऐकलं. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे छाटणी कधी? आबा म्हणाले, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. बाईंना वाटलं भाचीच्या सांगण्यात काही घोटाळा झाला. पुन्हा विचारलं. वर्षातून दोनदा? इथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मग तुमची वेल झोपते कधी? आबा म्हणाले, आमच्याकडे थंडी तेवढी पडत नाही, वेल झोपतच नाही. एप्रिलची छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची घड आणायला. छाटल्यावर डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागते. बाई कात्री खाली ठेवून ऐकत होत्या. आपल्या वेलीला हिवाळाभर थंडीची विश्रांती देणाऱ्या बाईला बारमाही जागी वेल ऐकून कळवळा आला असावा. त्यांनी जवळच्या खोडावर हात ठेवला.

ते खोड बघून आबा वाकले. जमिनीलगत कलमाची गाठ होती. "खुंट कुठला?" बाई म्हणाल्या, अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उभ्या वाळवल्या. उपायही अमेरिकेतूनच आला, कारण तिकडच्या रानवेलींची मुळं त्या किडीला दाद देत नव्हती. तेव्हापासून खाली अमेरिकेचं मूळ आणि वर युरोपची वेल. आबा हसले. त्यांच्या बागेतला खुंट डॉगरीज, तोही अमेरिकेचाच. आपल्याकडे तो क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून घेतला. दोन दूरच्या गावांतले शेतकरी, आणि दोघांच्या पायाखाली एकाच खंडाची मुळं.

बाईंनीच मग जवळच्या योहानिसबेर्गची गोष्ट सांगितली. तिथल्या मठाच्या बागा फुल्डाच्या धर्माधिकाऱ्याच्या मालकीच्या. त्याची परवानगी आल्याशिवाय घड तोडायचा नाही असा नियम. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोचला. तोवर घडांवर बुरशी चढली होती. तरी मठवासीयांनी तोडणी केली, आणि ती वाइन आधीच्या सगळ्या वाइनपेक्षा सरस निघाली. बुरशीने सालीला बारीक छिद्रं पाडली होती, पाणी उडून गेलं होतं, गोडी आणि वास उरला होता. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन मुद्दाम करायची रीत या मुलखात तिथून रुजली, आणि त्या घोडेस्वाराचा पुतळा आज त्या अंगणात आहे.

आबांना ही गोष्ट सहज पचली नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस येतो, मण्यांना तडे जातात, दोन दिवसांत घड कुजतो, आणि बँकेचं कर्ज तसंच उभं राहतं, हे त्यांनी भोगलेलं आहे. कुजलेल्या घडाला कुणी पुतळा उभारावा हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याचा मान राखून आम्हीही बोललो नाही.

खाली येताना ही नदी सतत डोळ्यांसमोर होती आणि माझ्या मनात आमच्या भिवंडीची नदी, कामवारी. १९७० च्या सुमारास ही ऱ्हाईन युरोपचं गटार म्हणून ओळखली जायची. साल्मन मासा तर त्याआधीच नाहीसा झाला होता. मग १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, पाणी लाल झालं आणि शेकडो किलोमीटर वाम मासे मरून तरंगले. गोदामाची आग! भिवंडीच्या माणसाला हे दोन शब्द पुरतात. आमच्याकडे आगी लागतात, बंब येतात, काळं पाणी नाल्यात उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी गोदाम पुन्हा चालू. इथे त्या आगीनंतर १९८७ मध्ये काठावरच्या देशांनी एकत्र बसून आराखडा केला. सांडपाण्याची केंद्रं वाढवली, कारखान्यांना धाक बसवला, आणि खूण ठरवली साध्या माणसाला कळेल अशी: २००० सालापर्यंत साल्मन परत यायला हवा. नव्वदच्या दशकात तो खरंच वर येऊ लागला.

आणि आमच्याकडे? १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि आमच्याच खाडीत स्वराज्याची गलबतं बांधायला सुरुवात झाली. त्या खाडीला मिळणारी कामवारी आज डाईंगवाल्यांनी सोडलेल्या रंगावर रंग बदलते. तिच्यासाठी कुणी एखाद्या माशाचं नाव घेऊन तारीख ठरवावी असं मला मनापासून वाटतं. जिताडा म्हणा. खाडीकाठच्या कोळ्यांना विचारा, ते सांगतील तो कुठवर यायचा.

संध्याकाळी बोट सुटण्याआधी आम्ही आयबिंगनच्या मठात जाऊन आलो. बागांच्या वर उभा असलेला हा मठ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पण परंपरा हिल्डेगार्डची. १०९८ मध्ये जन्मलेली ही जोगीण औषधी वनस्पतींवर लिहायची, गीतं रचून त्यांना चाली लावायची, राजांना आणि धर्मगुरूंना खडसावणारी पत्रं पाठवायची. आपल्या कवयित्री महदंबेच्या शतकभराहून आधीची ही बाई. पलीकडच्या काठावर बिंगेनजवळ तिचा पहिला मठ, आणि ११६५ मध्ये अलीकडे आयबिंगनला दुसरा. आठवड्यातून दोनदा ती नावेत बसून ऱ्हाईन ओलांडायची असं सांगतात. त्या वेळी तिचं वय साठीच्या पुढे. आज तिथल्या जोगिणी स्वतः द्राक्षबाग राखतात, वाइन करतात आणि मठाच्या दुकानात विकतात. मी तिथली रीसलिंग चाखली. गार, आंबूस, मागून हळूच गोड. आबा माळकरी. त्यांनी बाटलीवरचा कागद भाचीकडून शब्दन् शब्द वाचून घेतला आणि किंमत आपल्या रुपयांत मांडली. एका बाटलीला किती द्राक्ष लागतं ते विचारलं, आणि त्या हिशेबाने त्यांचे डोळे मोठे झाले.

बाहेर येऊन त्यांनी पहिला फोन पिंपळगावला लावला. तिकडे रात्र झाली होती.

"झोपला होतास का? बरं ऐक. नदीकडच्या प्लॉटची छाटणी उरकली? आणि पाऊस? ... आजपण आला? ... मग पेस्ट धुऊन गेली असेल रे. उद्या ऊन पडलं की पुन्हा लावून घे. हो, मजुरी दे, घासाघीस करू नको. अरे, इथे काढणी चाललीय, आत्ता, ऑक्टोबरात! ... डोंगर आहे नुसता, उभा. फोटो पाठवतो, सगळ्यांना दाखव. ... नाही, बर्फ अजून नाही. तू आधी डोळे फुगले का ते बघून सांग."