पाचामुखी गोंधळ

पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स, डेव्हिड निव्हन, वुडी ॲलन, डेबोरा कर, अर्सुला अँड्रेस... नुसती यादी वाचूनच तोंडाला पाणी सुटतं की नाही? त्यात विषय जेम्स बाँडचा. आणि त्यात विडंबन! मी सेलर्सचा जुना पंखा. त्यामुळे १९६७ चा 'कॅसिनो रोयाल' बघायला बसताना माझ्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या.

अर्ध्या तासात हसू यायचं थांबलं. तासाभरात गोष्ट कळायची थांबली. १३१ मिनिटांनी सिनेमा संपला तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता, की एवढी हुशार माणसं एका ठिकाणी जमून इतकं पकाऊ काम करू कसं शकतात?

मग नेहमीप्रमाणे खोदकाम सुरू केलं. आणि खरं सांगतो, या सिनेमापेक्षा तो बनण्याची गोष्ट दसपट रंगतदार आहे.

'कॅसिनो रोयाल' ही इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी, १९५३ सालची. छोटी, थंड डोक्याची, बऱ्यापैकी क्रूर. जुगाराचं टेबल, एक छळाचा प्रसंग आणि शेवटी व्हेस्पर नावाच्या मुलीने केलेला विश्वासघात. तिचे चित्रपट हक्क १९५५ मध्ये ग्रेगरी रॅटॉफ नावाच्या गृहस्थांनी ६,००० डॉलर्सना घेतले. १९६० मध्ये ते वारले आणि हक्क निर्माता चार्ल्स फेल्डमनकडे आले. पुढे ब्रॉकोली आणि सॉल्ट्झमन या जोडीने बाँडपटांची मालिका काढली, १९६२ चा 'डॉ. नो' आला, शॉन कॉनरी जगभर गाजला... आणि फेल्डमनच्या हातात राहिलं फक्त हे एक पुस्तक. कॉनरी नाही, ती प्रसिद्ध धून नाही, काही नाही.

त्याने आधी सरळ मार्ग धरला होता बरं का. बेन हेक्टसारख्या दिग्गज पटकथाकाराने या कादंबरीवर गंभीर पटकथेचे खर्डे लिहिले होते. ते आजही शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. पण हेक्ट १९६४ मध्ये गेला. ब्रॉकोली-सॉल्ट्झमनबरोबर भागीदारीचं जमेना. मग फेल्डमनने ठरवलं, खऱ्या बाँडशी टक्कर देता येत नाही ना, मग त्याची टिंगल करू.

मला वाटतं, पहिली माशी इथेच शिंकली. ज्याच्यावर हसायचं त्याच्यात काहीतरी हास्यास्पद दिसलं, म्हणून हे विडंबन जन्माला आलं नाही. दुसरा पर्याय उरला नाही म्हणून आलं. शिवाय तोवर उशीरही झाला होता. 'गेट स्मार्ट' ही मालिका १९६५ पासून टीव्हीवर चालू होती, 'अवर मॅन फ्लिंट' १९६६ मध्ये येऊन गेला होता, आणि खुद्द कॉनरीचा बाँडही 'गोल्डफिंगर'पासून स्वतःकडे बघून डोळा मारायला लागला होता. जो आधीच हसतोय त्याला वेडावून काय दाखवणार?

बरं, कथानक काय? निवृत्त सर जेम्स बाँड (निव्हन) परत कामावर येतो आणि शत्रूला गोंधळात टाकायला हुकूम सोडतो की यापुढे सगळ्या हेरांचं नाव जेम्स बाँड, ००७. कल्पना भन्नाट आहे! पण शत्रू राहिला बाजूला, गोंधळात पडतो प्रेक्षक. स्कॉटलंडमध्ये एक प्रकरण, बर्लिनमध्ये दुसरंच, मध्येच लंडनमध्ये उडती तबकडी. खलनायकाचा बेत असा की सगळ्या बायका सुंदर करायच्या आणि साडेचार फुटांपेक्षा उंच सगळे पुरुष मारून टाकायचे. शेवटच्या मारामारीत काउबॉय येतात, पॅराशूटमधून रेड इंडियन उतरतात, सील मासे येतात, आणि मग अख्खा कॅसिनो सगळ्यांसकट स्फोटात उडतो. गोष्ट संपवायला दुसरं काही सुचलंच नसेल, तर हाही एक उपाय!

या सिनेमाला श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक आहेत. जॉन ह्यूस्टन, केन ह्यूज, व्हॅल गेस्ट, रॉबर्ट पॅरिश आणि जो मॅकग्राथ. लंडनच्या आसपासच्या तीन स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी चित्रण. पटकथेवर नाव असलेले तिघे, आणि नाव नसताना हात मारून गेलेले कितीतरी. सेलर्स आणि वेल्सचं इतकं बिनसलं की समोरासमोर बसून पत्ते खेळण्याचा प्रसंगसुद्धा बराचसा वेगवेगळा चित्रित करावा लागला. मग सेलर्स काम अर्धवट टाकून निघून गेला. सिनेमात ते स्पष्ट दिसतं. तो रेसिंग गाडीत बसतो, आणि पुढच्याच क्षणी शत्रूच्या कैदेत असतो. पकडला कधी, कसा? ते चित्रित व्हायचंच राहिलं!

हे तुकडे जोडायचं काम व्हॅल गेस्टच्या गळ्यात पडलं. त्याने निव्हन आणि अँड्रेसला घेऊन मधले सांधे लिहिले, चित्रित केले. बदल्यात त्याला 'समन्वयक दिग्दर्शक' असं श्रेय देऊ केलं होतं. त्याने ते नाकारलं. यात समन्वय झालाय असं लोकांना सांगायची त्याची तयारी नव्हती. :)

आता तुम्ही म्हणाल, सिनेमे फसतात, त्यात काय एवढं. पण मला सलतं ते दुसऱ्याच कारणाने. १९६४ चा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' आठवून बघा. मुख्य नट तोच, सेलर्स, तोही तीन भूमिकांत. वितरक तीच कोलंबिया पिक्चर्स. टेरी सदर्न हा लेखकही दोन्हीकडे (इकडे बिननावाचा). तोही एका गंभीर कादंबरीवरून केलेला विनोदी सिनेमा. अंतर जेमतेम तीन वर्षांचं. एक अजरामर झाला आणि दुसरा एक ना धड भाराभर चिंध्या.

फरक काय होता? स्टॅन्ली कुब्रिकने 'स्ट्रेंजलव्ह'च्या शेवटासाठी युद्धकक्षात सगळे सेनापती एकमेकांना केक-क्रीम फासतात असा मोठा प्रसंग चित्रित केला होता. माणसं, मेहनत, पैसा, सगळं ओतलं होतं त्यात. नंतर त्याने तो बघितला, बाकीच्या सिनेमाच्या सुरात बसत नाही हे त्याला दिसलं, आणि अख्खा प्रसंग त्याने कापून टाकला. 'कॅसिनो रोयाल'मध्ये असं म्हणणारं कोणी नव्हतंच. तिथला प्रत्येक प्रसंग म्हणजे केक-क्रीमची मारामारी, आणि सगळेच्या सगळे ठेवलेत. ६० लाख डॉलर्सचं बजेट १ कोटी २० लाखांच्या घरात गेलं ते उगीच नाही.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना इथे फ्रेड ब्रुक्स आठवला असेल. त्याच साठच्या दशकात तो आयबीएममध्ये ओएस/३६० चं प्रचंड प्रकरण सांभाळत होता, आणि त्या अनुभवावर त्याने १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या पण एकमेकांशी न जुळणाऱ्या दहा कल्पनांपेक्षा एका डोक्यातून निघालेली एकसंध रचना बरी. मग त्यासाठी काही चांगल्या कल्पना सोडाव्या लागल्या तरी चालेल. सोडाव्या लागणं, हेच तर अवघड! वाईट कल्पनेला कोणीही नाही म्हणेल. पण चांगल्या कल्पनेला, तीही ऑर्सन वेल्सच्या? (वेल्सला जुगाराच्या टेबलावर जादूचे प्रयोग करायचे होते. केले त्याने.) पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण तो निवाडा करायला. गोष्ट सांगायला एकच तोंड लागतं.

गंमत म्हणजे सिनेमाने पैसे मात्र बऱ्यापैकी मिळवले. बाँडचं नाव आणि एवढे तारे, लोक गेलेच. फेल्डमन १९६८ मध्ये वारला. आणि या सगळ्या गदारोळात दबलेली ती मूळ गोष्ट, व्हेस्परची आणि त्या विश्वासघाताची, तशीच पडून राहिली. हक्कांचे वाद मिटून ती नीट पडद्यावर यायला २००६ साल उजाडलं. डॅनियल क्रेगचा 'कॅसिनो रोयाल' बघताना मला तेच वाटत होतं, की अरे, हे सगळं त्या पुस्तकात होतंच की! चाळीस वर्षं फुकट गेली.

असो. तरीही बघायचाच असेल तर सेलर्स आणि वेल्स पत्ते खेळतात तेवढा भाग बघा. आणि बर्ट बॅकरॅकचं संगीत जरूर ऐका. डस्टी स्प्रिंगफील्डने गायलेलं 'द लुक ऑफ लव्ह' याच सिनेमातलं, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. सगळ्या सिनेमाचं संगीत एकट्या बॅकरॅकने केलंय. ऐकताना ते कळतं.