फलाटावरची शाळा

आमच्या आपट्याचं स्टेशन लोकांना सिनेमामुळं माहीत. 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवट इथं चित्रित झाला, म्हणून अजून कोणी कोणी फोटो काढायला येतात. मला मात्र तो फलाट म्हटला की 2020 चा पावसाळा आठवतो. गाड्या बंद, माणूस नाही, आणि टोकाच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली वाडीवरची एक पोर.

मार्चात शाळा बंद झाल्या. 3 जूनला निसर्ग वादळानं रायगडाची दैना केली, कितीक दिवस वीज नाही की फोन नाही. सावरतोय तोवर शाळा मोबाईलवर भरू लागली. पोर दहावीला. घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. बाप एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन टेकला. "मास्तर, वाडीवं रेंज नाय मिलत. पोरीनं करावं काय?"

मी निवृत्त माणूस. माझा फोन तिला दिला आणि फलाटाच्या टोकाला नेऊन बसवलं. तिथं बरी रेंज यायची. पण सर आकृती काढेपर्यंत चित्र थिजायचं, नि पाऊस आला की पळ. दीड जीबी कुठं पुरतोय? बाप म्हणायचा, रिचार्ज मारू की तांदूळ आणू?

त्याच सुमाराला भारतनेटबद्दल बारकाईनं वाचलं. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार न्यायची ही योजना 2011 ची, तेव्हा नाव वेगळं होतं. पैसा कुठून, तर फोन कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के सरकार खेड्यांसाठीच्या निधीत घेतं. म्हणजे कातकऱ्याच्या रिचार्जातलाही वाटा त्यात जातो की! तार पंचायतीपर्यंत येणार, पुढं घरापर्यंत कोणी न्यायची हे मात्र बरीच वर्षं मोघमच राहिलं. ओळखीच्या एका गावात (नाव कशाला घेऊ) मी ती पेटी पाहिली. कपाटात कुलूपबंद, वर झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा. "बिल कोण भरणार?" शिपाई म्हणाला.

पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. गुण धरले नववीचे नि वर्षभराच्या कामाचे. पोर पास झाली, तसे जवळजवळ सगळेच झाले. पण गणिताची गाडी सुटली ती सुटलीच. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. मी अडवायला हवं होतं. नुसता "जा, सांभाळून राहा" म्हणालो.

2023 च्या ऑगस्टात केंद्रानं या योजनेला नव्यानं 1,39,579 कोटी मंजूर केले. यात मला दोन गोष्टी पटल्या. आधी तार माळेसारखी पुढं पुढं जायची, एक मणी तुटला की पुढचं सगळं बंद. आता कड्यासारखी फिरवायची, एका बाजूनं तुटली तर दुसरीकडून चालू. आणि पंचायतीपाशी न थांबता दीड कोटी ग्रामीण घरांत जोडणी द्यायची. त्याआधी, डिसेंबर 2020 मध्ये, पीएम-वाणी आली होती. किराणा दुकानदारानंही परवान्याशिवाय वायफाय विकावं, पाच-दहा रुपयांचं. मला आपला जुना पिवळ्या पाटीचा पीसीओ आठवला. मुंबईच्या मुलाशी बोलायला बायका ओचा खोचून रांगेत उभ्या राहायच्या, डोळे मीटरच्या आकड्यावर. बोलणं पुष्कळ उरायचं, पैसे संपायचे.

माझ्या घरी आता तार आली आहे. वाडीवर अजून नाही. संध्याकाळी चारपाच पोरं ओट्यावर येतात, त्यात तिचा धाकटा भाऊही. सून कुरकुरते, चिखलाचे पाय म्हणते. खरं आहे तिचं. पासवर्ड मी दारावर खडूनं लिहून ठेवलाय.

परवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं तार तोडली. मी आत चहा घेत होतो, तर तो दारात येऊन म्हणाला, "मास्तर, डबीवं लाल बत्ती लुकलुकतेय. आज नाय का?"

"नाही रे," म्हटलं, "वही काढ. गणित घेऊ."