जळलेल्या गावात सुट्टी

कॅनडातले डोंगर म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं. बॅन्फ! त्याच्या वरच्या अंगाला जास्पर नॅशनल पार्क आहे, जवळपास अकरा हजार चौरस किलोमीटरचं. पण त्याचं नाव आपल्या कानावर पडलं ते आगीमुळे. २२ जुलै २०२४च्या रात्री गाव आणि पार्क रिकामं करायचा हुकूम निघाला, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि दोनच दिवसांनी आग गावात शिरली. साधारण एक तृतीयांश इमारती गेल्या.

‘अगं, ते तर जळलं ना? मग कशाला जायचं?’ कॅलगरीत नोकरी करणारा माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला. जुलै २०२५मध्ये गाडी मात्र दादानेच चालवली.

लेक लुईझ ते जास्पर हा आइसफील्ड्स पार्कवे सुमारे २३० किलोमीटरचा. हिशेबाने तीन-साडेतीन तास. आम्हाला अख्खा दिवस लागला, कारण दर वळणावर ‘थांब, थांब!’ वाटेत पेट्रोल मिळतं ते सस्कॅचवन क्रॉसिंगला, आणि मोबाइलला बराच वेळ रेंज नाही. ऑफिसचा फोन येऊच शकत नाही, याच्याइतकी चैन दुसरी नाही. पेटो लेकचा तो अशक्य निळा रंग? फोटोशॉप नाही हो. हिमनदी खडक दळून पिठासारखा करते, ते पीठ पाण्यात तरंगतं आणि त्यावर उजेड खेळतो.

खरा धक्का बसतो अथाबास्का ग्लेशिअरला. १८४०च्या दशकात हा बर्फ आज जिथून हायवे जातो साधारण तिथपर्यंत होता. तेव्हापासून तो दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलाय. पार्किंगमधून बर्फाकडे पायवाट जाते आणि वाटेत पाट्या लागतात. अमुक साली बर्फ इथे होता. १९८२. मग १९९२. माझा जन्म ’९२चा. त्या पाटीला हात लावून मी समोर बघितलं, तर मध्ये नुसता दगडगोट्यांचा चढ आणि बर्फ लांब कुठेतरी. भर उन्हात तिकडून फ्रीजचं दार उघडल्यासारखा गार वारा येत होता. दादाने फोटो काढायला कॅमेरा वर केला. मला हसायचं कसं, तेच कळेना.

वणव्याची काजळी बर्फावर बसली की तो मळकट होतो, जास्त ऊन पितो आणि आणखी भराभर वितळतो. म्हणजे आग आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

जास्पर जवळ आलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या काड्या उभ्या. गावात कुठे कुंपण घातलेले रिकामे प्लॉट, कुठे नव्या घरांचे सांगाडे, आणि शेजारच्याच गल्लीत जराही धक्का न लागलेली दुकानं. कॉफी देणाऱ्या बाईंना घराबद्दल विचारायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. त्यांनीच सांगितलं. घर गेलं, नोकरी राहिली, आणि ती टिकायची तर लोक यायला हवेत. ‘फोटो काढा, पण मग जेवा पण इथेच,’ असं म्हणाल्या. हे मला पटलं. दुरून हळहळण्यापेक्षा दोन रात्रींचं बुकिंग जास्त कामाचं.

आणि जंगल? लॉजपोल पाइनची बरीचशी फळं राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीची धग लागली की राळ वितळते आणि बी बाहेर पडतं. आगी येत-जात राहिल्या तर या झाडांचं बरंच चालतं. पण इथे कित्येक दशकं आग लागली की विझवली गेली, जंगल दाट झालं, त्यात पाइन बीटल नावाच्या किड्याने असंख्य झाडं वाळवून ठेवली. सरपण तयारच होतं. आता त्या काळ्या खोडांच्या पायाशी फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं आलीत, आणि एल्क, म्हणजे आपल्या सांबराचे थोराड भाऊबंद, त्यात निवांत चरत होते.

जायचं असेल तर जून अखेर ते सप्टेंबर. एल्कपासून ३० मीटर, अस्वलापासून १०० मीटर लांब राहायचं. सेल्फीसाठीसुद्धा सूट नाही. ग्लेशिअरवर गाइडशिवाय पाय ठेवायचा नाही, वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात. हॉटेल महाग वाटलं तर तासाभरावरचं हिंटन आहे. पण जमलं तर गावातच राहा. २०११पासून हा पार्क डार्क स्काय प्रिझर्व्ह आहे, आणि तिथलं रात्रीचं आकाश हिंटनहून गाडी हाकत परत येताना बघण्यासारखं नाही.