चार मिनिटं

परवा शनिवारी मेढ्याला घरी गेलो होतो. आण्णांची गुडघ्याची गोळी संपली होती म्हणून बाजारात गेलो आणि येताना एसटी स्टँडवर चहा घेतला. चहा पिता पिता शाळेतल्या सहली आठवल्या. आण्णा शाळामास्तर. दरवर्षी पोरं घेऊन रायगडला जायचे. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, आणि मग पाचाडपासून पायी. दीड हजाराच्या वर पायऱ्या! आम्ही जावळीचे लोक, आणि रायरी मूळची जावळीच्या मोऱ्यांकडची. महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली, पुढे त्याच रायरीचा रायगड झाला. त्यामुळे आण्णांना तो गड जवळजवळ घरचाच वाटायचा.

असो. आज लिहायचंय ते मात्र बर्फातल्या खुर्च्यांबद्दल. थोडा धीर धरा, परत रायगडावर येतोच.

काही वर्षांपूर्वी क्लायंटच्या कामासाठी कोलोरॅडोत होतो. ऑफिसातली मंडळी एका रविवारी स्कीइंगला घेऊन गेली. मला स्कीइंग येत नाही, मी आपला पाळण्यात बसून वर जायचो आणि पाळण्यातनंच खाली यायचो. पाळणा म्हणजे लोखंडी दोरावर टांगलेली खुर्ची. ही कल्पना १९३६ साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत आली. जेम्स करन नावाच्या इंजिनिअरने त्याआधी जहाजात केळ्यांचे घड चढवायची यंत्रं केली होती. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली. झालं!

तर मी बसलो तो पाळणा जुना, दोन माणसांचा. शेजारी एक म्हातारेबुवा बसले होते. वर जाईपर्यंत त्यांनी नातवंडांपासून शेअर बाजारापर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की हा पाळणा काढून आता नवा वेगवान बसवणार आहेत, मग गप्पा बंद. मला मनातून हसू आलं. वेग वाढला तर चांगलंच की!

पण हॉटेलवर येऊन कागदावर गणित मांडलं (सवय, दुसरं काय) तेव्हा गंमत कळली. जुन्या पाळण्यात खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. माणसाला चालत्या खुर्चीत बसायचं असतं, म्हणून दोराचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या वर नेता येत नाही. नव्या प्रकारात स्टेशनात आल्यावर खुर्चीची पकड दोरावरून सुटते, ती रुळावर हळूहळू सरकते, माणसं आरामात बसतात, मग चाकं तिला वेग देतात आणि ती पुन्हा दोर पकडते. दोर मात्र पाच मीटरने धावत राहतो. चार माणसांची अशी पहिली वेगवान लिफ्ट कोलोरॅडोतच ब्रेकनरिजला १९८१ साली आली.

आता धरा, लिफ्ट दीड किलोमीटर लांब, खुर्ची चार जणांची, दर सहा सेकंदाला एक. म्हणजे तासाला २,४०० माणसं. जुनी असो वा नवी, आकडा तोच! कारण वेग दुप्पट झाला की दोन खुर्च्यांमधलं अंतरही दुप्पट लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी निम्मी झाली, थ्रूपुट तेवढाच राहिला. जुन्या लिफ्टवर दहा मिनिटांच्या प्रवासात ४०० माणसं हवेत असायची, नवीवर पाच मिनिटांत २००. मग उरलेली २०० गेली कुठे? एकतर खाली रांगेत, नाहीतर उतारावर एकमेकांच्या अंगावर. गर्दी कमी होत नाही हो, तिची जागा बदलते. आमचं कास घ्या. २०१२ साली पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं, गाड्या वाढल्या आणि शेवटी फुलांच्या दिवसांत माणसं मोजून सोडायची वेळ आली.

व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन म्हणून एक डोंगर आहे. तिथे १९४८ सालची एका माणसाची खुर्ची होती. डोंगर स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा. (सहकार म्हटल्यावर सातारकराचे कान टवकारणारच.) पाळणा जुना झाला तेव्हा सभासदांनी ठरवलं, पुन्हा एकाच माणसाचाच हवा. २००७ साली तो तसाच नव्याने उभा केला. हे वाचून मला भारी वाटलं होतं. आण्णांना फोनवर सांगितलं तर तेही खूष. कारण १९९६ साली रायगडाला रोपवे झाला तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य, "गड पायानंच चढायचा असतो." मीही मान डोलवायचो.

आमच्या आईचे गुडघे चाळिशीतच गेले होते. एकदा घरचे सगळे रायगडला गेलो, रोपवे सुरू झाल्यानंतरची गोष्ट. आण्णा आणि आम्ही पोरं पायऱ्यांनी वर गेलो. आई पाचाडला एका ओसरीवर डबा सांभाळत बसली. "जाऊन या तुम्ही, मी हाय हितं," म्हणाली. कुणाच्या मनातही आलं नाही की हिला रोपवेने न्यावं. संध्याकाळी खाली आलो तर तिने एवढंच विचारलं, "वर वारं हुतं का?"

आई जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या डिसेंबरात आण्णा आपणहून म्हणाले, एकदा रायगड बघून येऊ. आता त्यांचेही गुडघे गेलेत. हिरकणीवाडीला गेलो, तिकीट काढलं, पाळण्यात बसलो. दार लागलं, जमीन खाली गेली. आण्णा खालच्या झाडीकडे बघत होते. वर पोचल्यावर विचारलं, "किती वेळ लागला रं?"

"चार-पाच मिनिटं."

"चारच?" म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. समाधीपाशी बसल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला आणायला पायजे होतं."

मी काय बोलणार? मान डोलवणारा मीच होतो.

दहा मिनिटांची पाच झाली तर काय कमावलं, यावर वाद घालता येतो, मी अजूनही घालीन. पण 'कधीच नाही'ची पाच मिनिटं होतात तेव्हा ते गणितच वेगळं असतं. माझ्या कागदावर तो रकाना नव्हता. २,४०० माणसं मोजली, ओसरीवर बसलेलं एक माणूस मोजायचं राहिलं.

वर वारं होतं. भरपूर होतं.