शिकवणारा आणि तपासणारा

• सिरुसेरी. चेन्नईच्या दक्षिणेला ओएमआर या हमरस्त्यालगतचं, सिपकॉट या सरकारी औद्योगिक महामंडळाचं आयटी पार्क. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रीघ लागते. याच पार्कात २००५ पासून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे.

• संस्थेचं मूळ १९८९ चं. गणितज्ञ सी. एस. शेषाद्रींनी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत तीन दशकं काढली, मग मद्रास गाठलं. स्पिक या खतकंपनीच्या आधाराने गणिताची संशोधनशाळा उभी राहिली आणि १९९८ मध्ये तिथे चक्क बी.एस्सी. सुरू झाली. नावाजलेल्या संशोधकाने बारावी झालेल्या पोरांसमोर खडू घेऊन उभं राहायचं!

• आपल्याकडची वाटणी वेगळी: संशोधन संस्थांनी करायचं, शिकवायचं कॉलेजांनी. कुलाब्याला टीआयएफआर, पण तिथे बी.एस्सी.चा वर्ग नाही. संशोधन आणि पदवीचं शिक्षण एकाच छताखाली देणारी आयसर पुण्यात यायला २००६ उजाडलं.

• चेन्नईच्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार सुरुवातीला नव्हता. शिक्षण चेन्नईत, पदवी भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाची! अभिमत दर्जा २००६ मध्ये मिळाला.

• शिकवणारा एक, पदवी देणारा दुसरा, ही रीत जुनीच. मुंबई, मद्रास, कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठं १८५७ ची, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची. काम परीक्षा घेण्याचं, शिकवणं संलग्न कॉलेजांकडे. ती घडी अजून पुरती मोडलेली नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. वर्गात शिकवणाऱ्याच्या हाती त्यात काहीच नव्हतं.

• फरक कुठे पडतो? समजा, गणिताच्या पेपरात एक सिद्धता. मधली पायरी गाळून पोराने लिहिलंय, ‘हे उघडच आहे.’ केंद्रीय तपासणीत नमुना उत्तराशी ताडून गुण कापले जातात, विषय संपतो. शिकवणाऱ्यानेच पेपर काढला आणि तपासला, तर तो समासात लिहितो, ‘का?’ पुढच्या तासाला त्याच पोराला फळ्याशी बोलावतो.

• पण शिकवणाऱ्यानेच तपासणं मूठभरांना परवडतं. शेकडो संलग्न कॉलेजांच्या लाखो मुलांचं काय? चेन्नईच्या त्याच संस्थेचे संचालक माधवन मुकुंद एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. कुडाळचा पोरगाही तो वर्ग फुकटात करू शकतो. मात्र तिथे त्याचा प्रोग्राम यंत्र तपासतं: चालेल तेवढ्याचे गुण, विषय संपला. उत्तम मास्तर घरपोच मिळाला, ‘का?’ मात्र मिळाला नाही. विद्यापीठावर खर्च करायचा तर तो या ‘का?’वर करावा, इमारतींवर नंतर.