हिना

आमच्या घरी अत्तर हा लग्नापुरता पदार्थ होता. मांडवाच्या दारात कुणीतरी मनगटावर फाया ओढी, दुसरा गुलाबदाणी शिंपडी, की आमचा सुगंधाशी संबंध पुढच्या लग्नसराईपर्यंत संपे. रोज अत्तर लावणारा पुरुष म्हणजे एक तर जहागीरदार, नाही तर वाया गेलेला, अशी वडिलांची साधी वर्गवारी! चाळिशी उलटेपर्यंत मीही ती मुकाट्याने पाळली.

गेल्या होळीला आमच्या जिल्ह्यातल्या सैलानीच्या यात्रेत एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने हातावर काडी फिरवली. म्हणाला, "सर, हिना है. जाड़े की चीज. गर्मी में खस लगाना."

प्रथम वास आला तो आजीच्या औषधांच्या बटव्याचा. कडवट, किंचित धुरकट. मी नाक मुरडले. पण तासाभराने रसवंतीत पेला तोंडाशी नेला, तर हाताला वेलची, केशर असे काहीसे येऊ लागले होते. रात्री एस.टी.त उरले ते शांत चंदन. दिवसभरात इतके रंग बदलणारी वस्तू मी पूर्वी एकच पाहिली होती, आणि ती म्हणजे आमच्या कॉलेजची परीक्षा समिती.

हिना म्हणजे नुसते मेंदीच्या फुलांचे अत्तर नव्हे. कनोजला तांब्याच्या देगेत जटामांसी, नागरमोथा, लवंग, वेलची असा सारा काष्ठौषधींचा संसार शिजवतात. झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्या जागी स्वस्त तेल आले. तो वास लवकर उडतो.

आपला मुलूखही या बाबतीत अगदीच कोरडा नाही. सातपुड्याच्या उतारावरच्या रोशा गवताचे तेल खानदेश-निमाडातून मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. दोहोंत जिरॅनिऑल हे एकच द्रव्य. युरोपातल्या रसिकांनी गुलाब म्हणून आमचे गवत हुंगले, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

मी अर्धा तोळा हिना घेतला. बायको म्हणाली, "आता फेटा तेवढा राहिला."

वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत. अलीकडे त्यांना माणसे ओळखू येत नाहीत. मला ते पोस्टमन समजतात. एका संध्याकाळी त्यांना भरवताना त्यांनी माझे मनगट धरले, नाकाशी नेले आणि हळूच विचारले, "आबा आले का?"

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी शेत कशापायी घालवले, हे आमच्या घरात कुणी कधी बोलले नाही. त्यांचा फोटोही भिंतीवर नाही.

"आले," मी म्हणालो.

"जेवले का?"

भात निवत चालला होता. वडिलांनी मनगट सोडले नाही.