फरशीखालची ऊब

म्युनिक

ती. अण्णांस,


आजीच्या खोलीत इथल्यासारखी फरशीखालून ऊब देणारी सोय करावी का, असं विचारलंत. करू नका.

इथे फरशीखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरतं. बसण्या-उठण्याच्या खोलीतली फरशी 29 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. नळ्यांखाली उष्णतारोधक थर असतो, खिडक्या घट्ट असतात आणि हिवाळाभर हे सगळं चालूच राहतं. अशी फरशी तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. आपल्या कासुर्डीत डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो, दुपारी तिशीला टेकतो. पहाटेसाठी तापवलेली फरशी दुपारी पंखा लावायला लावेल! शिवाय नव्या टाइल्स उखडाव्या लागतील.

त्या टाइल्स शेजारच्या लाकडी पाटापेक्षा फारशा गार नसतातच. पायातली उष्णता त्या भराभर ओढून घेतात, म्हणून झोंबतात. तेव्हा आधी पाय आणि टाइल यांच्यामध्ये काहीतरी घाला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सतरंजी, तिच्यावर जाड घोंगडी. कडा दुमडू देऊ नका, आजी अडखळेल.

हीटर घ्यायचाच तर तेल भरलेला विजेचा घ्या. ब्लोअरची गरम हवा छताकडे जाते, पाय गारच राहतात. लाल दांड्यांचा हीटर समोर बसणाऱ्याला लगेच शेक देतो, पण आजीच्या लुगड्याचा पदर त्याच्याजवळ जाईल ही धास्ती मला सोसणार नाही. तेलाचा हीटर सावकाश तापतो, आवाज करत नाही आणि खोली पुरेशी तापली की आपोआप बंद होतो. 2000 वॅटचा असेल तर पूर्ण ताकदीवर तासाला 2 युनिट खातो, म्हणून आजी उठायच्या आधी थोडा वेळ लावला की पुरे. त्याला 16 अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

रात्री वीज गेली तरी कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आजीला मधुमेह आहे, तळपायांना चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवीही पायाला लावून ठेवू नका. लोकरीचे मोजे पाठवतोय, तळव्याला रबराचे ठिपके असलेले.

वायरमनकडून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या आणि पॉइंट पलंगापासून किती लांब आहे ते कळवा. मग तेलाचा कोणता हीटर घ्यायचा ते ठरवू.

आपला,
बाळू